पौषातल्या अवसेला गाडी भरण्याआधी

रोझेट तेजोमेघाचा, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायूच्या ढगाचा, फोटो काढायचा बेत असेल तर निम्मी तयारी घरीच उरकायची. तो हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात उजळतो आणि साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढची फिल्टरकाच नेमका तोच लाल बराचसा अडवते. म्हणून सोबत एएसआय ५३३ एमसी प्रो, म्हणजे कूलर असलेला खगोल-कॅमेरा. सेन्सर जेमतेम ११.३ मिमी चौरस, पण ४०० मिमीच्या दुर्बिणीला लावला की सव्वा अंशाचा रोझेट त्यात मावतो, वर कडेला थोडी जागाही उरते.

आधी डार्क, म्हणजे टोपी लावून काढलेले काळे फोटो; सेन्सरचे स्वतःचे ठिपके नंतर त्यांनी वजा करायचे. खोली गार झाल्यावर कॅमेऱ्याला टोपी लावून कपाटात ठेवायचा. तापमान उणे १०, एक्स्पोजर ३०० सेकंद, गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, माळावर वापरणार तोच. असे तीसेक डार्क काढले की तिथे त्यात वेळ जात नाही. कूलर हवेपेक्षा ३५ अंश खाली नेतो, तेव्हा पौषात उणे १० सहज जमतं. वैशाखात तोच आकडा धरून बसलात तर बिचारा धापा टाकतो.

मग दुर्बीण आणि कॅमेऱ्यामधल्या कड्या, आणि इथे घाई नको. माझ्या फ्लॅटनरला, म्हणजे कोपऱ्यांपर्यंत तारे नीट ठेवणाऱ्या भिंगाला, सेन्सरपर्यंत ५५ मिमी अंतर लागतं: १७.५ कॅमेऱ्याचे, बाकी २१ आणि १६.५च्या दोन कड्यांचे. सगळं घरीच पिळून, जोडलेलंच पेटीत ठेवायचं. एकदा १६.५ची कडी टेबलावरच राहिली. रात्रभर काढलेल्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यांतल्या ताऱ्यांची ज्वारी न राहता तांदूळ झाला होता.

कॅमेरा १२ व्होल्टवर ३ अँपिअरपर्यंत खेचतो, ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारा माउंट आणि काचेवर दव धरू न देणारी गरम दवपट्टी वेगळी. बॅटरी आदल्या रात्री भरायची. पिनेच्या मधोमध धन आहे ना, हे मल्टीमीटरने बघायचं. वायरच्या रंगावर विश्वास नको. दवपट्टी सांजेलाच सुरू, काच ओली झाल्यावर नाही. टॉर्चला लाल जिलेटिन.

माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो. भंडारदऱ्याकडे ध्रुव साडेएकोणीस अंशांवर, म्हणजे हात ताणून दोन मुठी. एवढ्याशा उंचीवर आंब्याचं एक झाडही आड येतं, तेव्हा जागा दिवसाच बघून ठेवायची.

धुतलेला पांढरा बनियन विसरू नका. उजाडताना तो दुर्बिणीच्या तोंडावर ताणून फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो, काढायचे; धुळीचे डाग आणि कडांचा काळोख नंतर त्यांनी पुसायचा. तोवर ना फोकसला हात, ना कॅमेरा फिरवायचा. शेवटी कूलर हळूहळू हवेच्या तापमानाला आणायचा आणि मगच पिन उपसायची, थंडीने कितीही काकडला असाल तरी.