निखारा विझला का, हाताला विचारा

शेकोटीवर माती लोटून निघून जाणं ही वणव्याची नेहमीची सुरुवात. वरून माती पडली की धूर दिसेनासा होतो, पण खालचा निखारा विझत नाही. मातीच्या पांघरुणात त्याची धग टिकून राहते. वाटेत एखादं वाळकं मूळ आलं, तर त्याच्या आधाराने तो आतल्या आत सरकतो आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटला की भलतीकडेच तोंड काढतो.

म्हणून पाणीच हवं. हातभर रुंद शेकोटीला दोन बादल्या तरी लागतात. पहिली बादली कडेकडेने, बेताने ओता. एकदम मधोमध ओतली तर राख उडते, निखारे बाहेर फेकले जातात. मग फावड्याने तळापर्यंत ढवळा, जाड लाकडं उलटी करून खालची बाजू खरवडा आणि दुसरी बादली ओता. चर्र आवाज येतोय तोवर काम संपलेलं नाही. शेवटी हाताची मागची बाजू राखेवर, न टेकवता, धरा. धग जाणवली नाही तरच राखेला लावून बघा. कोमट लागली तरी पुन्हा पाणी. हाताला गार लागणारा चिखल व्हायला हवा.

काडीकचरा जाळण्याआधी तो जाळायलाच हवा का, हे ठरवा. खड्ड्यात कुजवला तर खत होतं. जाळायचाच असेल तर परवानगी आहे ना आणि त्या दिवशी बंदी नाही ना, हे आधी बघा. ढीग कमरेपेक्षा उंच नको, भोवती किमान तीन मीटर गवत-पाला काढून उघडी माती हवी, वर फांदी किंवा तार नको. ढोबळ नियम ३०-३०-३० चा: तापमान ३० अंशांच्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली, वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर. तिन्ही जुळले तर आग आवरणं जवळपास अशक्य. पण यातलं एकच जुळलं म्हणून काडी ओढायला हरकत नाही, असं मात्र नव्हे. सकाळी पेटवलेला मोठा ढीग दुपारी धुमसत असतो, नेमका वारा वाढतो तेव्हा.

यंत्रांकडे कुणाचं लक्ष जात नाही. गवत कापायच्या यंत्राचं पातं दगडावर आपटलं की ठिणगी पडते. सकाळच्या दमटपणात कापणी उरका. तापलेल्या सायलेन्सरची गाडी वाळक्या गवतात उभी करू नका. ट्रेलरची लोंबती साखळी रस्त्यावर घासत मैलभर ठिणग्या पेरत जाते.

आता वस्ती. घरं ज्वाळांच्या भिंतीनेच पेटतात असं वाटतं, पण बहुतेक घरांना आधी गाठतात त्या वाऱ्यावर उडालेल्या ठिणग्या, कधी आगीच्या किलोमीटरभर पुढे. त्यामुळे आधी भिंतीलगतचा दीड मीटर पट्टा मोकळा करा: पाला नाही, सरपण नाही, पायपुसणंसुद्धा नाही. पन्हळी साफ ठेवा, छताखालच्या झरोक्यांना तीन मिलिमीटर छिद्रांची धातूची जाळी लावा. सरपण घरापासून नऊ मीटर तरी लांब. पैसे आणि हात कमी असतील तर लांबची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून केलेली उघड्या मातीची पट्टी, नंतर काढा, भिंतीलगतचा पट्टा आधी. जाळरेषा काढाल तेव्हा खालच्या मातीपर्यंत खरवडा आणि गवत पुन्हा उगवलं की पुन्हा काढा. नुसतं कापून टाकलेलं गवत तिथेच सोडलं तर तीच आगीची वाट होते.

वस्तीतून बाहेर पडायला दोन रस्ते ठरवा. एकटे म्हातारे, आजारी माणसं, गाडी नसलेली घरं यांची यादी कागदावर लिहा, प्रत्येकापुढे न्यायला जाणाऱ्याचं नाव टाका. मोबाइलचा टॉवर जळू शकतो, म्हणून भोंगा किंवा घंटा हवीच.

निघायचं ते ज्वाळा दिसायच्या आधी. चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, तेव्हा डोंगर चढून पळू नका. अंगात जाड सुती कपडे घाला. कृत्रिम धाग्याचे वितळून कातडीला चिकटतात. दारं-खिडक्या लावा, गॅस बंद करा, बाहेरचे दिवे चालू ठेवा म्हणजे धुरातही घर दिसेल.

आत यायची परवानगी मिळून परतल्यावर पन्हळी, माळा आणि छताखालची पोकळी तपासा, पहिला दिवसभर थोड्या थोड्या वेळाने. तिथेही हाताची मागचीच बाजू वापरा.