बिस्कोर्नू जोडायची पद्धत

बिस्कोर्नू म्हणजे दोन भरतकामाचे चौकोन तिरके जोडून केलेली छोटीशी, कापूस भरलेली उशी. मॅटीवर क्रॉस स्टिचचे दोन सारखे चौकोन भरून झाले की दोन्हीला कडेने बॅकस्टिच (उलटी टीप) घाला, टाके मोजून, एका बाजूला ४० तर सगळीकडे ४०च. बाहेर सेंटीमीटरभर कापड ठेवून कापा आणि आत दुमडा. आता खरी गंमत, कोपऱ्याला कोपरा लावायचाच नाही! एकाचा कोपरा दुसऱ्याच्या बाजूच्या बरोब्बर मध्यावर, म्हणजे २० टाक्यांनंतर, आणि सुई फक्त बॅकस्टिचच्या टाक्यांखालून काढायची, कापडातून नाही. कोपरा आला की तिथेच वळायचं, सुरुवातीला सगळं वाकडंच दिसतं, दिसू दे. शेवटचे ८-१० टाके राहिले की कापूस भरा, कोपऱ्यांत पेन्सिलीने ढकला, उरलेलं शिवा आणि मधोमध दोन्हीकडून बटण लावून दोरा करकचून ओढा. दोरा मात्र दुहेरी घ्या हं.