मुंबई ते न्यूयॉर्क: प्रवासाच्या वेळेचा हिशेब करताना या चुका टाळा

मुंबईहून रात्री 1 वाजता सुटलेले विमान न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी 7 वाजता उतरते असे तिकिटावर दिसले, तर प्रवास सहा तासांचा नाही हे सर्वांनाच कळते. मात्र तो नेमका किती तासांचा, हे काढताना बहुतेकांचा गोंधळ होतो. तिकिटावरील वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक वेळेप्रमाणे छापलेल्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असल्यामुळे वरील सहा तासांत ते मिळवावे लागतात आणि प्रवास साडेसोळा तासांचा ठरतो. परतताना तेवढेच तास वजा करावेत. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत मात्र तिथली घड्याळे एक तास पुढे असल्याने हा फरक साडेनऊ तासांचा होतो, आणि फेब्रुवारीत मनाशी बसवलेला हिशेब एप्रिलच्या प्रवासात तासाभराने चुकतो.

सर्वांत महागात पडणारी चूक तारखेची आहे. तिकिटावर 15 तारीख आणि वेळ 00:40 असेल, तर 14 तारखेला रात्री साडेनऊच्या सुमारासच विमानतळावर हजर असले पाहिजे. 15 तारखेच्या रात्री बॅगा घेऊन सहारला पोहोचणाऱ्याचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते. म्हणूनच टॅक्सी ठरवताना आणि नातेवाइकांना कळवताना ‘14 च्या रात्री, म्हणजे 15 लागताच’ असे स्पष्ट सांगावे.

अंतराबाबतही सपाट नकाशा फसवतो. नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते व सुमारे 14,200 किलोमीटर भरते. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग खरे तर उत्तरेकडे वळतो. तो पाकिस्तान, मॉस्कोचा परिसर, आइसलंड आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो व सुमारे 12,500 किलोमीटरचा असतो. पण तोही प्रत्येक विमानाला मिळतोच असे नाही. रशियाने 2022 मध्ये अमेरिकी विमान कंपन्यांना आणि पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा घालावा लागला. त्यामुळे अंतराला विमानाच्या वेगाने भागून आलेल्या उत्तरावर विसंबू नये. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने मुंबईकडे येणारा प्रवास सहसा कमी वेळात होतो.

वेळापत्रकातील कालावधीत धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यावर गेटपर्यंत येण्याचा वेळही धरलेला असतो; इमिग्रेशनची रांग व सामानाची वाट पाहणे मात्र त्यात नसते. न्यूयॉर्कहून पुढे दुसरे विमान पकडायचे असेल, तर बॅगा तिथेच ताब्यात घेऊन कस्टम्समधून पुन्हा सोपवाव्या लागतात, त्यामुळे दोन विमानांमध्ये किमान तीन तासांचे अंतर ठेवावे.