पहिल्यांदा डीएम होताय? गोष्ट एका फाशावर टांगू नका

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ; त्यात डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, गोष्ट मांडतो आणि प्लेअर आपापलं पात्र चालवतात. डी-ट्वेंटी म्हणजे वीसबाजू फासा, एचपी म्हणजे पात्राचा जीव मोजणारे गुण, इनिशिएटिव्ह म्हणजे लढाईतला क्रम ठरवणारा रोल, हे येतं असं धरून चालू. प्लेअर म्हणून पाच-सहा सेशन झालेली असतील, ग्रुपचा जुना डीएम नोकरीसाठी बंगळुरूला गेला असेल आणि ‘आता तूच चालव’ म्हणत सगळ्यांनी तुमच्याकडे बोट दाखवलं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. आकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या नियमांतले. पुस्तकं घ्यायची घाई करू नका. मूळ नियमसंच, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट मिळतो आणि पहिल्या कॅम्पेनला, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीला, तेवढा पुरतो.

आता तो खड्डा, ज्यात पाय मोडतो.

समजा व्यापाऱ्याचा खून झालाय आणि खुनी गावाबाहेरच्या पाणचक्कीत लपलाय. तुमच्या वहीत लिहिलंय: ‘प्रेताची झडती, इन्व्हेस्टिगेशन, डीसी १५. जमलं तर कोटावर पिठाने माखलेल्या हाताचा ठसा दिसतो.’ (इन्व्हेस्टिगेशन म्हणजे शोध घेण्याचं कौशल्य, डीसी म्हणजे रोलने गाठायचा आकडा.) प्लेअर फासा टाकतो. सहा पडतात, अधिक कौशल्याचे पाच, अकरा. तुम्ही म्हणता, ‘काही सापडत नाही.’ आणि टेबल गप्प होतं. पाणचक्कीचा रस्ता त्या ठशातून जाणार होता, दुसरा रस्ता तुम्ही लिहिलेलाच नाही. मग दुसरा म्हणतो ‘मीपण टाकतो’, तिसरी म्हणते ‘मग मीपण’. कुणाचे तरी सतरा येतात आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. म्हणजे रोलला अर्थच नव्हता, यश येईपर्यंत फासा फिरवणं चाललं होतं. कुणालाच जमलं नाही तर तुम्ही घाईघाईने एक पोरगा पळत आणता, ‘चक्कीत कुणीतरी आहे हो!’ प्लेअरना तेव्हाच कळतं की आपण काही शोधलं नाही, आपल्याला वाढलं गेलं.

हिशेब करून बघा. बुद्धीचे +३ आणि प्रोफिशिअन्सीचे, म्हणजे सरावाचे, +२ धरून ज्याचे +५ आहेत, त्याला डीसी १५ साठी फाशावर दहा किंवा जास्त हवेत. वीसपैकी अकरा बाजू, म्हणजे ५५ टक्के. हा तुमच्या टेबलावरचा त्या कामातला सर्वांत तयार माणूस. ज्याचे +१ आहेत त्याला फक्त ३५ टक्के. पुस्तकात डीसी १५ ला ‘मध्यम’ म्हटलंय आणि तो शब्दच घात करतो, कारण आपल्या कानाला मध्यम म्हणजे ‘सहसा जमेल असं’.

आता असे तीन धागे एकापुढे एक ओवा: ठसा सापडला तर चक्की, चक्कीचं कुलूप उघडलं तर चिठ्ठी, चिठ्ठी वाचता आली तर खुनी. प्रत्येक ठिकाणी ५५ टक्के धरले तरी शेवटपर्यंत पोहोचण्याची शक्यता सुमारे १७ टक्के. तेच तीन धागे शेजारी-शेजारी ठेवा. कोटावरचा ठसा, व्यापाऱ्याच्या हिशेबवहीत चक्कीवाल्याचं थकलेलं कर्ज, रात्री चक्कीत दिवा बघितलेली म्हातारी. तिन्ही चक्कीकडेच बोट दाखवतात. निदान एक तरी हाती लागण्याची शक्यता ९१ टक्के. फासे तेवढेच, डीसी तोच. फक्त मांडणी बदलली.

पण ९१ वरही थांबू नका. ज्याच्यावाचून गोष्ट अडते, ती माहिती रोलशिवाय द्या. गमशू नावाची नियमप्रणाली २००७ च्या सुमारास याच कल्पनेवर उभी राहिली: योग्य कौशल्याचा माणूस योग्य जागी शोधतोय ना, मग मुख्य धागा मिळतोच. डी अँड डीमध्येही तसं करायला कुणी अडवत नाही. फासा ठेवा, पण तो किंमत ठरवायला. वरचीच झडती पुन्हा घ्या. रोल फसला: ठसा दिसतो, पण शोधण्यात इतका वेळ गेला की पहारेकरी दारात येऊन उभा आहे. रोल जमला: ठसा दिसतो आणि त्याला चारच बोटं आहेत हेही दिसतं. दोन्हीकडे गोष्ट पुढे सरकते. ‘टाक रे’ म्हणण्याआधी मनात विचारायचं, फसलं तर काय होईल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर फासा उचलूच देऊ नका.

एवढं ताणून सांगायचं कारण, ही चूक चुकीसारखी वाटतच नाही. नियमाप्रमाणे सगळं बरोबर केलेलं असतं आणि तरी संध्याकाळ वाया जाते. डीएमला वाटतं आपल्यातच काही नाही. तसं नसतं. वहीतली एक ओळ चुकलेली असते.

लढाईचं थोडक्यात. लेव्हल १ च्या, म्हणजे नवख्या, चौघांसमोर ऑगर हा धिप्पाड राक्षस ठेवू नका. ‘एकच तर आहे’ हे बोलायला ठीक आहे, पण त्याचे एचपी ५९, हल्ला +६ ने, इजा दोन आठबाजू फासे अधिक चार. आठ एचपीच्या विझार्डला (जादूगाराला) सरासरी फटका १३ चा बसतो. सोळा किंवा जास्त बसले तर डेथ सेव्ह, म्हणजे जीव वाचवायचा शेवटचा रोल, तोसुद्धा नाही, जागच्या जागी मृत्यू, कारण उरलेली इजा त्याच्या पूर्ण एचपीइतकी होते. लागलेल्या फटक्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा असा असतो. गॉब्लिन हे छोटे राक्षस, पण चार आले तर तेही स्वस्तात सुटत नाहीत; पुस्तकाच्या हिशेबात चौघांसाठी ती ‘डेडली’, म्हणजे जीवघेणी, गाठ आहे. दोन गॉब्लिनवर सुरुवात करा, तिसरा झाडामागे राखून ठेवा. दुसऱ्या राउंडपर्यंत प्लेअर मजेत असतील तर तो येतो. नसतील तर तो नव्हताच.

हा तिसरा गॉब्लिन म्हणजे लबाडी नाही. पडद्यामागे पडलेला फासा बदलून सांगणं मात्र लबाडी आहे, आणि त्यावर आमचं मत कडक आहे: एकदा सवय लागली की प्लेअरला वास येतो, मग कुठल्याच विजयाला चव राहत नाही. जे पडलं ते सोसायचं नसेल तर टाकू नका. ‘आधी सगळे नियम पाठ कर’ म्हणणाऱ्या गुरूंपासूनही लांब राहा. नियम आठवला नाही तर जागेवर निकाल द्या, वहीत खूण करा, घरी जाऊन बघा. आणि यूट्यूबवरचे शो बघून स्वतःला मोजू नका. तिथे बसलेले बरेचसे लोक पोटासाठी अभिनय करतात.

आवाज काढता येत नाहीत म्हणून पुष्कळजण डीएम व्हायला कचरतात. मराठीत खेळत असाल तर आवाजाची गरजच नाही, सर्वनामं आहेत. सरदार सगळ्यांना ‘आपण’ म्हणतो आणि पैशाचा विषय निघाला की ‘तुम्ही’वर उतरतो. खाणावळवाली पहिल्या वाक्यापासून ‘काय रे, जेवलास का?’ विचारते. खुनी चक्कीवाला सगळ्यांशी अहो-जाहो करतो, फक्त मेलेल्या व्यापाऱ्याचा उल्लेख एकेरीत. कुणीतरी प्लेअर हे पकडतोच. रोल न करता मिळालेला तो चौथा धागा.

तयारी एका पानात बसवा: तीन जागा, चार माणसं, प्रत्येकाला काय हवंय त्याची एक ओळ, आणि कुणी काहीच केलं नाही तर उद्या सकाळपर्यंत काय घडेल. सोबत दहा नावांची यादी. एवढा एकच शॉर्टकट आम्हाला मान्य आहे, कारण प्लेअर नेमकं रस्त्यावरच्या भाजीवाल्याचं नाव विचारतात. पहिल्या सेशनआधी अर्धा तास नुसतं बोला, कुणाला कोणता विषय टेबलावर नको ते विचारा आणि तो काढू नका.

आणि उठण्याआधी, पिशव्या भरायला लागायच्या आत, थेट विचारा: पुढच्या वेळी कुठे जाणार? म्हणतील तेवढंच तयार करा.