जेसीबी बोलवायच्या आधी झाडं बघून घ्या

आम्ही पुण्याहून दापोलीजवळ राहायला येऊन बारा वर्षं झाली, दरवर्षी कुणी ना कुणी नवीन जागा घेतं आणि पहिला फोन जेसीबीवाल्याला करतं, म्हणून कळकळीनं सांगतो, तो फोन जरा थांबवा.

आधी जागा नगरपंचायतीत येते की ग्रामपंचायतीत ते बघा, कारण कायदे वेगळे आहेत. दापोली किंवा गुहागर शहरात झाडं जपण्यासाठीचा १९७५ चा शहरी कायदा लागतो, त्यात २०२१ च्या दुरुस्तीपासून ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात आणि तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं लावायची. म्हणजे ७० वर्षांचा फणस गेला तर ७० झाडं, गुंठाभर जागेत कुठे लावणार सांगा. ग्रामपंचायतीत वृक्षतोडीचा १९६४ चा कायदा, त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ अशा १६ जाती आहेत, स्वतःच्या सातबाऱ्यातलं झाड असलं तरी परवानगी लागतेच. माड-पोफळी त्या यादीत नाहीत.

खाडीकाठची जागा असेल तर कांदळवनाला, म्हणजे खारफुटीला, हात लावायचाच नाही. २०१८ साली हायकोर्टानं राज्यभर तोडीवर बंदी घातलीय, भोवतीच्या ५० मीटरमध्ये भराव पण चालत नाही. आणि शेजारी देवराई, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, असेल तर तिथलं वाळलेलं लाकूड पण उचलू नका, काही असेल तर आधी मानकऱ्यांना आणि गुरवांना भेटा.

आता माझी चूक ऐका. कोपऱ्यात मोठा किंजळ होता, तोडला नाही म्हणून मी खूश होतो, पण ठेकेदारानं पायाची निघालेली माती त्याच्याच बुंध्याशी ओतली, चांगली कंबरभर, आणि वरून गाडी फिरवून दाबून टाकली. मी समोर उभा होतो, काही बोललो नाही. पुढच्या पावसात शेंड्याला पानं कमी आली, त्याच्या पुढच्या वर्षी साल सुटायला लागली, तिसऱ्या वर्षी झाड उभ्या उभ्या वाळलं, मातीखाली मुळंच गुदमरली. शहरातल्या कायद्यात तर नुसतं तोडणं नाही, जाळणं किंवा कुठल्याही तऱ्हेनं इजा करणं हे पण तोडण्यातच धरलंय, आणि मला ते पटतं.

म्हणून पुढे जागेतल्या रायवळ (गावठी) आंब्याजवळ काम निघालं तेव्हा मुळं जपायला दुपारी बाराला सावली जिथपर्यंत पडते तिथे खुंट्या मारून सुतळी बांधली, आत ना गाडी, ना चिरे, ना माती. ड्रायव्हर वैतागला, पण ऐकलं त्यानं. यंदा त्याच आंब्याचं लोणचं घातलंय, आलात की न्या बरणीभर.