नेपाळहून परतल्यावर भारतीय सिम कार्डाला नेटवर्क न मिळणे : माझा अनुभव

काठमांडूहून एकटाच गाडी चालवत पुण्याला परतताना सीमेवरील बेलहिया नाक्यावर भन्सारची (नेपाळी सीमाशुल्काची) पावती दाखवून मी भारतात सुनौलीत आलो, तेव्हा फोनचे घड्याळ नेपाळच्या वेळेनुसार 15 मिनिटे पुढेच होते. नौतनवा मागे पडल्यावर सिग्नलच्या जागी 'सेवा नाही' अशी अक्षरे उमटली आणि नकाशातील निळा ठिपका मार्गाविना नुसताच सरकत राहिला. अंधार पडत असताना अनोळखी रस्त्यावर घरी फोनही लागू नये, याचा फार मनस्ताप झाला.

फोन दोनदा बंद करून सुरू केला, विमान मोड लावून पाहिला, सिम काढून पुसून बसवले. उपयोग झाला नाही. फरेंद्याला चहासाठी थांबलो असता कारण लक्षात आले. नेपाळमध्ये बुटवलला रेंज कमी असल्याने मी रोमिंगसाठी एक नेपाळी नेटवर्क हाताने निवडले होते, आणि ही निवड फोन बंद केला तरी पुसली जात नाही; म्हणून भारतात आल्यावरही फोन तेच नेटवर्क शोधत होता.

प्रथम मोबाइल डेटा बंद केला, कारण तो सुरू असताना काही फोन नेटवर्क बदलू देत नाहीत. मग सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क उघडून, दोन सिमपैकी भारतीय सिम निवडून, 'नेटवर्क आपोआप निवडा' हे बटण सुरू केले आणि मधे कशालाही हात न लावता दोन मिनिटे थांबलो. सिग्नलच्या दांड्या दिसल्यावर डेटा सुरू केला. घड्याळ तरीही पुढेच राहिले, म्हणून 'स्वयंचलित वेळ' एकदा बंद करून पुन्हा सुरू केली.