डर्ट बाइक शिकणारी मुले आणि ख्रिस्ती शिबिर : प्रशिक्षकांनो, या चुका टाळा

दिवसा डर्ट बाइक, संध्याकाळी बायबल आणि या दोन्हींतून मुलांच्या स्वभावाला वळण लावायचे, अशी शिबिरे अमेरिकेत रुळली आहेत. १९५४ साली सुरू झालेल्या 'फेलोशिप ऑफ ख्रिश्चन अ‍ॅथलीट्स' या संस्थेची मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींची) शाखा हेच काम करते. चर्चच्या तरुण संघाने आपल्याकडे असे काही करायचे ठरवले किंवा परदेशातल्या मराठी कुटुंबाने मुलाला अशा शिबिराला घातले, तर काय बिघडते ते आधी माहीत असलेले बरे. बहुतेक बिघाडांच्या मुळाशी घाई असते: गाडी मोठी हवी, जंप लवकर हवी, आणि विश्वासही शिबिराच्या तीन दिवसांत उगवायला हवा.

वाढत्या अंगाची गाडी आणि हेल्मेट

"दोन वर्षांत लहान पडेल" म्हणून एक माप मोठी गाडी घेणे ही पालकांची नेहमीची चूक. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर मूल थांबायला घाबरते, आणि थांबायला घाबरणारे मूल वळणही घाबरतच घेते. यामाहा पीडब्ल्यू ५० ला गिअर बदलायचे नसतात आणि क्लच लिव्हरही नसते. तिच्या थ्रॉटलला, म्हणजे रेसला, मर्यादा घालणारा स्क्रू असतो. तो एकदम मोकळा करू नका. मूल खूण म्हणून ठेवलेल्या शंकूपाशी दहापैकी नऊ वेळा थांबू लागले की अर्धा फेरा सोडा, मग पुन्हा तीच परीक्षा. पुढची पायरी होंडा सीआरएफ ११० एफसारखी, गिअर असलेली पण क्लच लिव्हर नसलेली गाडी. कावासाकी केएक्स ६५ त्यानंतर. ही टू-स्ट्रोक गाडी खालच्या आरपीएमला शांत असते आणि वर गेली की अचानक ओढते. क्लचवर हात न बसलेल्या मुलाला तो झटका सांभाळता येत नाही.

हेल्मेट तर कधीच वाढत्या मापाचे घेऊ नका. पट्टा बांधा, मागची कडा धरून हेल्मेट वर-पुढे ढकला. डोक्यावरून निसटत असेल तर ते मोठे आहे. गाल दाबले गेले पाहिजेत. जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदला, कारण आतला फोम एकदाच दबतो.

लिव्हर मोठ्यांच्या हाताला लावलेले

गाडी दुकानातून आली तशीच मुलाला दिली जाते. मग मूल ब्रेकसाठी चारही बोटे पसरते, मुठीवरची पकड सुटते आणि हँडल हातात राहत नाही. मुलाला ग्लोव्ह्ज घालून गाडीवर उभे करा. तर्जनीचे पहिले पेर लिव्हरवर वाकून बसले पाहिजे. बसत नसेल तर लिव्हरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू फिरवून लिव्हर आत घ्या. मग लिव्हरला हँडलवर धरून ठेवणारा क्लॅम्प किंचित सैल करून लिव्हर इतके खाली फिरवा की उभे राहिल्यावर कोपर, मनगट आणि बोट एका रेषेत येतील. क्लॅम्पचा बोल्ट आवळून गच्च करू नका. पडल्यावर लिव्हर फिरले तर वाचते, घट्ट असेल तर मोडते. हे काम फार तर दहा मिनिटांचे. पण ज्याला "ब्रेकच मारत नाही" म्हणून ओरडा बसतो, त्या मुलाची निम्मी अडचण इथेच सुटते.

ब्रेकच्या आधी जंप

मुलांना जंप हवी असते, पालकांना तिचा व्हिडिओ. क्रम मात्र ब्रेक, वळण, मग जंप असाच हवा. वीस मीटरच्या सरळ पट्टीवर आधी फक्त मागचा ब्रेक, मग एका बोटाने फक्त पुढचा, मग दोन्ही. हँडल वळलेले असताना भुसभुशीत मातीत पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटते, हे कमी वेगात एकदा प्रत्यक्ष दाखवा.

घाबरून रेस पिळली जाणे हा सर्वांत धोकादायक दोष. गाडी झटक्यात सुटते, अंग मागे जाते, हात ताणले जातात, मनगट खाली ओढले जाते आणि थ्रॉटल आणखी उघडतो. "सोड, सोड" ओरडून उपयोग नाही. मुलाला ते ऐकूच येत नाही. उपाय पवित्र्यात आहे: गुडघ्यांनी टाकी धरायची, छाती पुढे, कोपरे वर. मूठ दाराची गोल मूठ धरावी तशी तिरकी धरायची, म्हणजे मनगट खाली पडायला जागाच राहत नाही. क्लचच्या गाडीवर एक बोट कायम क्लचवर. ऑटोमॅटिक गाडीला मनगटाला बांधायची किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी लावा.

जंपवर गाडीचे नाक खाली जात असेल तर दोन गोष्टी पाहा. मूल कडेवर पोचताच रेस सोडते का? कडा ओलांडेपर्यंत रेस एकसारखी हवी. रेस सोडत नसेल तर मागचा शॉकअप तपासा. मागचे चाक हवेत असताना अ‍ॅक्सलपासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत मोजा, मग मुलाला हेल्मेट-बुटांसह पूर्ण पोशाखात बसवून पुन्हा मोजा. फरक मागच्या सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश हवा. बराच कमी असेल तर मुलाच्या वजनाला स्प्रिंग कडक आहे आणि मागची बाजू उसळते. बराच जास्त असेल तर गाडी मागे बसते आणि वळणात पुढचे चाक धरत नाही.

गाडी धुणारे बाबा

मूल पाणी पीत बसते आणि वडील फिल्टर धुतात. इथे कौशल्य आणि शिस्त दोन्ही निसटतात. सात-आठ वर्षांचे मूल फोमचा एअर फिल्टर क्लीनरने धुऊन, वाळवून, त्याला फिल्टर ऑइल लावू शकते. पेट्रोलने धुऊ नका, जोडलेला फोम सुटतो. धुळीच्या ट्रॅकवर हे रोजचे काम. टू-स्ट्रोक गाडीचे पेट्रोल-ऑइलचे मिश्रण मोठ्यांनीच करावे, पण आकडा मुलाला पाठ हवा: १:३२ म्हणजे लिटरला ३१ मिली, १:६० म्हणजे सुमारे १७ मिली. कोणत्या गाडीला काय, ते मॅन्युअलमध्ये पाहा. डब्यावर प्रमाण आणि तारीख लिहा. न लिहिलेल्या डब्यात दोनदा ऑइल पडते किंवा पडतच नाही, आणि पडले नाही तर पिस्टन जाम होतो.

पडल्यावरचे पहिले मिनिट

धावत जाऊन मुलाला उठवू नका. आधी मागून येणाऱ्यांसाठी पिवळा झेंडा, मग मुलाशी बोलणे. मान दुखत असेल किंवा मूल नीट उत्तर देत नसेल तर हेल्मेट काढू नका. डोके स्थिर धरा आणि रुग्णवाहिका बोलवा. भोवती हात धरून प्रार्थनेचे कडे करणे मनापासून असते, पण त्याने मदतीची वाट अडते. प्रार्थना धावताधावताही करता येते. डोक्याला मार बसून मूल गोंधळले, गरगरले, ओकले किंवा तेच तेच विचारू लागले, तर त्या दिवशी पुन्हा गाडी नाही. परत कधी बसायचे ते डॉक्टर ठरवतील.

वचन आणि शर्यत

बायबलमधले फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ (जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो, या अर्थाचे) हे वचन हेल्मेटांवर आणि नंबर प्लेटवर सर्रास दिसते, आणि मुलांना ते जिंकायचा मंत्र म्हणून दिले जाते. प्रेषित पौलाने ते बंदिवासात असताना लिहिले. त्याच्या आधीच्या ओळी वाचा: भरल्या ताटात आणि उपाशीपोटी, दोन्हींत समाधानाने राहायला शिकलो, असे तो म्हणतो. म्हणजे शेवटच्या नंबरवर आलेल्या मुलासाठीही ते तितकेच आहे, किंबहुना अधिक. आधीच्या ओळी सोडून वचन दिले की हरलेले मूल दोनच निष्कर्ष काढते: देव खोटा, नाहीतर माझा विश्वास कमी. दोन्ही चुकीचे आहेत आणि दोन्ही आपण शिकवलेले असतात.

शर्यतीआधीची प्रार्थना "आम्हाला जिंकव" एवढ्यावर थांबवू नका. शर्यत सुटते तिथे शेजारच्या गेटवर उभ्या मुलाचे नाव घेऊन त्याच्यासाठीही प्रार्थना करायला लावा. नियमांप्रमाणे स्पर्धा केल्याशिवाय मुगूट मिळत नाही, असे तीमथ्याला दुसरे पत्र २:५ मध्ये आहे. ट्रॅकचा कोपरा कापून पुढे गेलेले मूल स्वतः पंचांकडे जाऊन ते सांगेल, अशी तयारी याच्यावरच करायची.

जोरात पडून हादरलेल्या मुलाला त्याच संध्याकाळी ख्रिस्त स्वीकारण्याचे आवाहन करू नका. ती भीती असते, निर्णय नव्हे. इतर धर्मांच्या घरची मुले असतील तर शिबिरात बायबलवाचन आहे हे पालकांना आधी लेखी सांगा आणि त्यांची संमती घ्या. मूल प्रार्थनेला बसले नाही म्हणून त्याचा ट्रॅकवरचा वेळ कमी होता कामा नये. आणि कोणताही प्रशिक्षक एका मुलाबरोबर एकटा नको, मग गाडीचे काम असो की मनातले बोलणे. दुसरा मोठा माणूस दिसेल अशा जागी बसा.

मैदानापर्यंतचा रस्ता

"जवळच तर आहे" म्हणून मुलाला गाडी चालवत मैदानावर पाठवणारे पालक आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी टेम्पोत किंवा पिकअपमध्ये टाका, पुढचे चाक बांधा, दोन्ही बाजूंनी पट्टे ओढा आणि पेट्रोलचा कॉक बंद करूनच निघा.